दहा मराठी सिनेमे निवडताना आणि त्यांच्यासाठी भांडताना

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी आमच्या घरी सात-आठ जण जमतात. प्रत्येकानं आपले आजवरचे सगळ्यांत आवडते दहा मराठी सिनेमे कागदावर लिहून आणायचे, वाचून दाखवायचे आणि जेवणाची वेळ टळेपर्यंत त्यांवर वाद घालायचा, एवढाच कार्यक्रम. बारा वर्षं झाली. दर वेळी एक-दोन जण नवे असतात आणि त्यांचे प्रश्नही ठरलेले असतात. जुने सिनेमे पाहिलेच नाहीत, मग काय करू? विनोदी सिनेमा लिहिला तर हसतील का? ‘संत तुकाराम’ यादीत असायलाच हवा का? त्यांना फोनवर जे सांगत आलो ते एकदा नीट लिहून काढतोय. घरी, होस्टेलवर किंवा सोसायटीच्या गच्चीत अशी बैठक पहिल्यांदा भरवणार असाल तर तुम्हालाही उपयोगी पडेल.

१. आधी कुंपण घाला

‘मराठी सिनेमा’ म्हणजे काय हे सगळ्यांना माहीत असतं, असं यादी करायला बसेपर्यंत वाटतं. ‘कोर्ट’मध्ये मराठीबरोबर हिंदी, इंग्रजी आणि गुजरातीही बोलली जाते. तो मराठी धरायचा का? ‘कुंकू’ १९३७ साली मराठीत आला तसाच ‘दुनिया न माने’ या नावानं हिंदीतही आला. ‘माणूस’चा ‘आदमी’ झाला, ‘शेजारी’चा ‘पडोसी’ झाला, ‘उंबरठा’चा ‘सुबह’ झाला. पहिल्या वर्षी आमचा पाऊण तास यातच गेला, म्हणून आता हे नियम आमंत्रणाबरोबरच कळवतो.

दोन भाषांत निघालेला सिनेमा एकच धरायचा, आणि मराठी रूप पाहिलं असेल तरच लिहायचा. अनेक भाषा ऐकू येत असल्या तरी सिनेमाचं घर मराठी असेल तर तो चालेल. ‘कोर्ट’ आम्ही याच न्यायानं आत घेतला. सिनेमा सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग पाहिलेला हवा. हा नियम साधा वाटतो, पण खूप नावं याच नियमात गळतात. ‘अशी ही बनवाबनवी’ टीव्हीवर तुकड्यातुकड्यांनी वीस वेळा पाहिलेले, त्यातले संवाद पाठ असलेले, पण पहिली पंधरा मिनिटं कधीच न पाहिलेले लोक मला भेटले आहेत. त्यांनी आधी तो सलग बघावा. त्यांना त्यात नवं काही सापडेल, याची मला खात्री आहे.

नव्या सिनेमांचं काय, हा प्रश्न जरा अवघड आहे. नुकतंच पाहिलेलं मनात मोठं दिसतं. २०२५ साली ‘साबर बोंडं’नं सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांच्या विभागातला सर्वोच्च पुरस्कार मिळवला तेव्हा दोघांना तो लगेच पहिल्या तिनात हवा होता. आम्ही तोडगा काढला: दोन वर्षांच्या आतला एक सिनेमा अकरावा म्हणून लिहायचा. पुढच्या दिवाळीतही तो आठवत असेल तर दहांत आणायचा, आणि त्यासाठी आधीच्या दहांतला एक आपल्या हातानं खोडायचा.

२. फोन बाजूला ठेवून आठवा

ही पायरी कोणी गाळू नये. कुठलीही तयार यादी न बघता एका कागदावर आठवतील ती पंचवीस नावं लिहा. पंचवीस होत नसतील तर पंधरा लिहा. तयार यादी आधी पाहिली की आपल्याला काय आवडलं हे आठवेनासं होतं आणि काय आवडायला हवं हेच सुचत राहतं.

प्रत्येक नावापुढे तीन रकाने करा. कुठे पाहिला, कोणाबरोबर पाहिला, आणि डोळे मिटल्यावर कुठला प्रसंग दिसतो.

पहिले दोन रकाने हळवेपणासाठी वाटतील, पण त्यांचा पुढे फार उपयोग होतो. माझ्या आत्यानं ‘संत तुकाराम’ पहिल्यांदा पाहिला तो गावच्या जत्रेत, तंबूतल्या टुरिंग टॉकीजमध्ये. खाली माती, मध्ये दोर बांधलेला, दोराच्या एका बाजूला बायका आणि दुसऱ्या बाजूला पुरुष. प्रोजेक्टरचं रीळ बदलेपर्यंत लोक विठ्ठलाचा गजर करत होते, असं ती सांगते. मी तोच सिनेमा शनिवारी संध्याकाळी दूरदर्शनवर पाहिला, शेजाऱ्यांच्या घरी, दारात उभं राहून. सिनेमा एकच, पण तिला आठवते ती शेवटची वैकुंठाची वाट, आणि मला आठवते जिजाई. चूल, पोरं, रिकामे डबे आणि देवाच्या नादी लागलेला नवरा यांच्याशी एकटीनं झगडणारी ती बाई गौरीनं अशी उभी केली आहे की देवापेक्षा तिचंच म्हणणं खरं वाटतं. आमच्या दोघांच्या यादीत हा सिनेमा आहे, आणि दोघांची कारणं एकमेकांना छेद देणारी आहेत. कुठे आणि कोणाबरोबर पाहिला हे लिहिलं नसतं तर हे आम्हाला कळलंही नसतं.

तिसरा रकाना म्हणजे चाळणी. प्रसंग आठवत नसेल तर नाव खोडा, मग सिनेमा कितीही मोठा असो. माझ्या पहिल्या कागदावर ‘श्यामची आई’ वरच्या बाजूला होता. १९५३ साली आचार्य अत्र्यांनी तो काढला आणि राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्याला मिळालं, हे शाळेपासून पाठ. पण प्रसंग आठवायला गेलो तर डोळ्यांसमोर आले ते सगळे साने गुरुजींच्या पुस्तकातले, आणि पुस्तक वाचून दाखवताना आईचा भरून आलेला आवाज. सिनेमा म्हणून माझ्याकडे काहीच नव्हतं. खोडताना वाईट वाटलं. दोन वर्षांनी तो पुन्हा पाहिला, वनमालाबाईंचा चेहरा या वेळी नीट मनात राहिला, आणि आता तो माझ्या कागदावर आठवा आहे. या वेळी कारण सांगता येतं.

३. ‘आवडता’ आणि ‘थोर’ यांची गल्लत करू नका

एखादा सिनेमा फार मोठा आहे हे मान्य असतं आणि तरी तो पुन्हा लावावासा वाटत नाही. एखादा दहा वेळा पाहिलेला असतो आणि त्यातले दोष तोंडपाठ असतात. आमच्या बैठकीत फक्त आवडते विचारले जातात. ज्यांना थोरपणाची यादी करायची आहे त्यांनी ती वेगळ्या कागदावर करावी. दोन्हींत असलेल्या नावांखाली रेघ मारा. बहुतेकांच्या बाबतीत ती चार-पाच निघतात, आणि बैठकीत सगळ्यांत चांगलं बोलणं त्यांच्याबद्दलच होतं.

४. जुनं पाहिलं नसेल तर मागे मागे जा

नवख्यांना सगळ्यांत मोठी धास्ती याची असते. कोणीतरी ‘अयोध्येचा राजा’ म्हणतो, १९३२, प्रभात फिल्म कंपनीचा पहिला मराठी बोलपट, आणि समोरच्याला आपण काहीच पाहिलं नाही असं वाटू लागतं. मग तो तिथूनच सुरुवात करतो, तिसऱ्या सिनेमाशी थकतो आणि सोडून देतो. मी उलटा रस्ता सुचवतो. जे आवडलंय तिथून सुरू करा आणि एकेक पिढी मागे जा. शनिवारी एक, एवढ्या बेतानं.

‘नटरंग’ आवडला? मग ‘पिंजरा’ बघा, १९७२चा, शांतारामबापूंचा. आणि मग १९५९चा ‘सांगत्ये ऐका’, जो पुण्यात विजयानंदला अडीच वर्षं चालला. तीन सिनेमे, तिन्हींत तमाशा, आणि फडावरच्या माणसांकडे बघणारी तीन वेगळ्या काळांतली नजर. ‘देऊळ’ आवडला असेल तर ‘सिंहासन’ आणि मग ‘सामना’. बायकांच्या वाट्याला आलेल्या आयुष्याबद्दल जाणून घ्यायचं असेल तर सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘दोघी’, त्यामागे ‘उंबरठा’, त्यामागे ‘कुंकू’. लहान मुलाच्या डोळ्यांनी जग बघायचं असेल तर ‘किल्ला’, ‘विहीर’, आणि मग ‘श्यामची आई’. हसायचं असेल तर ‘बनवाबनवी’पासून दादा कोंडक्यांच्या ‘सोंगाड्या’पर्यंत आणि तिथून राजा परांजप्यांच्या ‘पेडगावचे शहाणे’पर्यंत, म्हणजे १९८८, १९७१, १९५२.

प्रभातच्या सिनेमांपर्यंत पोचलात की दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, पहिली वीस मिनिटं कान लागत नाही. आवाज चिरका असतो, बोलणं नाटकातल्यासारखं वाटतं. तेवढा वेळ सोसा. दुसरं, आवाजाकडेच नीट लक्ष द्या. ‘कुंकू’मध्ये पार्श्वसंगीत नाही. जे ऐकू येतं ते त्या घरातलं, त्या रस्त्यावरचं. नको त्या म्हाताऱ्या नवऱ्याच्या घरात अडकलेली शांता आपट्यांची नीरा त्या शांततेत जास्तच एकटी वाटते. हे माहीत असून बघणं आणि माहीत नसताना बघणं यात खूप फरक पडतो.

आणि ‘संत तुकाराम’ बघाल तेव्हा ‘आधी बीज एकले’ ऐकून हा तुकोबांचा अभंग असं कोणाला सांगू नका. तो शांताराम आठवल्यांनी या सिनेमासाठी लिहिला. इतका अस्सल उतरला की गाथेत शोधणारे लोक अजून भेटतात. बैठकीत हे सांगितलं की दर वर्षी एक जण तरी चकित होतो.

बघायचे कुठे? मिळेल तिथे अधिकृत आणि पूर्ण लांबीची प्रत बघा. टीव्हीवर गाणी कापतात, चौकट ताणून माणसं बुटकी करतात. शहरात फिल्म सोसायटी असेल तर वर्गणी भरा. मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८पासून हे काम करतंय. पुण्यात चित्रपट महोत्सव असतो, आणि १९६४ साली सुरू झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही पुण्यातच आहे. तिथल्या खेळांवर लक्ष ठेवा. अंधारात, अनोळखी माणसांबरोबर जुना सिनेमा पाहण्याची संधी आली तर कामातून सुट्टी काढावी लागली तरी काढा. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची पहिली आणि शेवटचीच रिळं उरली आहेत. जे शाबूत आहे ते पडद्यावर बघायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे.

५. पहिले तीन पुन्हा बघा

बैठकीच्या आधीच्या महिन्यात यादीतले निदान वरचे तीन पुन्हा पाहून या. विशेषतः जे वयाच्या विशीच्या आत पाहिलेत ते. काही घसरतील. घसरू द्या. एखादा वर चढेल. ‘सामना’ मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला फक्त निळू फुल्यांचा हिंदूराव दिसला होता, त्याचा दरारा आणि त्याचं बोलणं. चाळिशीत पाहिला तेव्हा डॉक्टर लागूंचा मास्तर दिसला. दारूत बुडालेला, स्वतःवरचा विश्वास गेलेला माणूस, आणि तरी एकच प्रश्न न सोडणारा: मारुती कांबळेचं काय झालं? पहिल्या वेळी तो मला कंटाळवाणा वाटला होता.

पाहताना हाताशी कागद ठेवा आणि एका प्रसंगाची वेळ टिपून घ्या, किती मिनिटांनी सुरू होतो, किती मिनिटांनी संपतो. ते पुढच्या पायरीला लागणार आहे.

६. बैठकीची मांडणी

सात-आठ माणसं पुरे. बाराच्या वर गेली की दोन-तीन घोळके होतात आणि हळू आवाजाची माणसं गप्प बसतात. वेळ सकाळी दहाची ठेवा. रात्री ठेवली तर रंगात आल्यावर शेवटची बस आठवते. पोहे, चहा, आणि दुपारी साधं जेवण. स्वयंपाकघरात एकच माणूस अडकून पडणार असेल तर बाहेरून मागवा. पहिली दोन वर्षं माझी बायको निम्मा वाद भिंतीपलीकडून ऐकत होती, आणि तिची यादी आमच्या सगळ्यांत चांगली होती.

आमचा चुलतभाऊ न्यू जर्सीत असतो. तो व्हिडिओ कॉलवर येतो तेव्हा बैठक संध्याकाळी हलवतो. नोव्हेंबरात आपल्याकडचे रात्रीचे आठ म्हणजे त्याच्याकडची सकाळ. त्याच्यासाठी लॅपटॉप खुर्चीवर ठेवा, टेबलावर नको. इतरांच्या डोळ्यांच्या उंचीला चेहरा असला की त्याला बोलायला जागा मिळते.

क्रम असा:

पहिल्या फेरीत प्रत्येकानं फक्त दहा नावं वाचायची. कारण नाही, माफी नाही, ‘हा जरा हलकाच आहे पण’ वगैरे काही नाही. ऐकणाऱ्यांनी मध्ये बोलायचं नाही, हसायचं नाही, ‘अरे वा’ही म्हणायचं नाही. वाचन वयानं लहानापासून सुरू करा आणि सगळ्यांत मोठ्या माणसाचा नंबर शेवटी ठेवा. आम्ही पहिल्या वर्षी उलटं केलं होतं. मामांनी सुरुवातीलाच प्रभातचे पाच सिनेमे वाचले, आणि त्यांच्यानंतर बसलेल्या भाचीनं आपल्या कागदावरचा ‘झपाटलेला’ गुपचूप खोडलेला मला दिसला.

दुसऱ्या फेरीत प्रत्येकानं दहांतला एकच निवडून त्यातला पाच मिनिटांचा प्रसंग सगळ्यांना दाखवायचा. म्हणून वेळ टिपून ठेवायला सांगितली. दाखवण्याआधी एक-दोन वाक्यांत कथेतली जागा सांगा, शेवट फोडू नका. प्रसंग संपल्यावर अर्धा मिनिट कोणी बोलू नये. मग दाखवणाऱ्यानं बोलायचं: मला यात काय दिसतं.

वाद तिसऱ्या फेरीत. त्यासाठी दोन तास मोकळे ठेवा.

७. वाद

एक गोष्ट सगळ्यात आधी पक्की करा. दावा केला की प्रसंग दाखवायचा. ‘कॅमेरा अप्रतिम आहे’ म्हणालात तर कुठे ते सांगा. ‘दुसरा भाग पडतो’ म्हणालात तर कुठून पडतो ते सांगा. हे जमलं की आवाज आपोआप खाली येतो, कारण बोलणारा आठवू लागतो. गल्ला, पुरस्कार आणि आठवडे पुरावा म्हणून चालणार नाहीत. राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मराठीला ‘श्यामची आई’नंतर ‘श्वास’ला मिळाला तो पन्नास वर्षांनी, मग ‘देऊळ’, ‘कोर्ट’, ‘कासव’. याचा अभिमान बाळगा, पण मधल्या पन्नास वर्षांत पुरस्कार नाही म्हणून चांगला सिनेमा नव्हता असं कोणी म्हणणार नाही. ‘सामना’, ‘सिंहासन’, ‘जैत रे जैत’, ‘उंबरठा’, ‘दोघी’ सगळे त्याच वर्षांतले.

काही भांडणं दर वर्षी होतात. त्यांची तयारी करून या.

विनोदी सिनेमाचं भांडण. ‘बनवाबनवी’ दहांत असावा का, यावर आमच्याकडे एका वर्षी दोघांनी जेवण उशिरा केलं. विरोधकाचं म्हणणं, हसवणं ही वेगळी गोष्ट आणि सिनेमा वेगळा. समर्थन करणाऱ्या भाच्यानं फार शहाणपणानं उत्तर दिलं. त्यानं आवाज बंद करून एक प्रसंग लावला. लक्ष्मीकांत बेर्डे आणि सचिन साड्या नेसून वावरताहेत, अशोक सराफ मधल्यामध्ये सगळं सावरताहेत, आणि शब्द एकही ऐकू येत नाही. तरी खोली हसत होती. कोण कुठे उभा आहे, कोण कोणाकडे बघतो, कोण एक क्षण उशिरा वळतो, यावर ते हसू उभं आहे हे सगळ्यांना दिसलं. हसवणाऱ्या सिनेमाची बाजू घ्यायची असेल तर संवाद म्हणून दाखवू नका. ते सगळ्यांना पाठ आहेत. आवाज बंद करून दाखवा.

दुसरं भांडण नकलेचं. ‘पिंजरा’ १९३०च्या ‘द ब्लू एंजल’ या जर्मन सिनेमावरून, ‘बनवाबनवी’ १९६६च्या ‘बीवी और मकान’वरून, ‘धूमधडाका’ १९६४च्या तमिळ ‘काधलिक्क नेरमिल्लै’च्या गोष्टीवरून. हे कळल्यावर काही जणांना फसवल्यासारखं वाटतं. माझं मत स्पष्ट आहे: मूळ गोष्ट कुठून आली हे मोकळेपणानं सांगावं, आणि मग इथे तिचं काय झालं ते बघावं. गुरुजी तमाशाच्या फडावर चढतो तेव्हा त्याच्या मागे एक अख्खं गाव असतं, सोवळं-ओवळं असतं, राम कदमांचं संगीत असतं. त्या गावासकट ‘पिंजरा’ इथलाच झाला. पण ज्याला तसं वाटत नाही त्यानं मूळ सिनेमा पाहून यावं आणि बोलावं. ऐकीव माहितीवर नको.

तिसरं ‘सैराट’ की ‘फँड्री’, नागराज मंजुळ्यांचे जातीबद्दल बोलणारे दोन सिनेमे. हे भांडण सगळ्यांत जपून हाताळायला हवं, कारण ते सिनेमापुरतं राहत नाही आणि राहूही नये. कोणीतरी म्हणतंच, सिनेमात जात कशाला आणायची. अशा वेळी मी ‘फँड्री’तला एक प्रसंग लावतो. जब्या या शाळकरी मुलाचं घर डुक्कर धरायला धावतंय, डुक्कर हाताशी आलंय, आणि शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी उभे. डुक्कर निघून जातं. मग मी एवढंच विचारतो: इथे काय दिसलं ते एकेकानं सांगा. मत नको, दिसलं ते सांगा. त्यानंतर त्याच सिनेमातली भिंत, जिच्यावर आंबेडकर, फुले, शाहू महाराजांची चित्रं आहेत आणि समोरून मेलेलं डुक्कर खांद्यावर घेऊन माणसं चालली आहेत.

चार वर्षांपूर्वी हा प्रसंग संपल्यावर पहिल्यांदाच आलेली एक मैत्रीण हळू आवाजात म्हणाली की शाळेच्या वाटेवर आपल्या वडिलांना काम करताना पाहून आपण रस्ता बदलायचो. कोणी काही बोललं नाही. मग एकानं पटकथेच्या लांबीबद्दल काही सुरू केलं आणि मी त्याला थांबवलं. नवख्या यजमानानं हे लक्षात ठेवावं. कोणी स्वतःच्या आयुष्यातलं काढून समोर ठेवलं की थोडा वेळ वाद बंद. चहा आणा, तिला आणखी सांगायचं असेल तर सांगू द्या. पटकथेची लांबी नंतरही मोजता येते. ती मैत्रीण पुढच्या वर्षी ‘सैराट’च्या विरोधात इतकं मुद्देसूद बोलली की माझ्या यादीतला त्याचा क्रम बदलला. पहिल्या अर्ध्या भागाच्या गोडीनं आपण फसतो आणि तेच दिग्दर्शकाला हवं आहे, असं माझं म्हणणं होतं. ती म्हणाली, गाण्यांवर नाचून घरी गेलेल्यांना शेवट आठवत नाही. आमचं अजून पटलेलं नाही.

‘आमच्या काळी’ हे शब्द कोणी उच्चारले की त्यानं त्या काळातला एक न गाजलेला सिनेमा सांगायचा, असा आमचा नियम आहे. त्यातून फार चांगली नावं मिळाली.

८. मतं मोजायची असतील तर

मोजलीच पाहिजेत असं नाही. पण लोकांना आकडा हवा असतो, म्हणून पद्धत सांगतो. दोन रस्ते आहेत. पहिल्यात क्रमाला महत्त्व नाही. दहांतल्या प्रत्येक सिनेमाला एक मत. दुसऱ्यात पहिल्याला दहा गुण, दुसऱ्याला नऊ, असं उतरत दहाव्याला एक. फरक बघा. आठ जणांत एक सिनेमा दोघांच्याच यादीत आहे, पण दोघांचाही पहिला: वीस गुण. दुसरा सात जणांच्या यादीत आहे, पण सगळ्यांचा आठवा: एकवीस गुण. गुणांनी मोजलं तर दोघे जवळजवळ सारखे, मतांनी मोजलं तर सात विरुद्ध दोन. आम्ही मतं मोजतो आणि ‘कोणाचा तरी पहिला’ असलेल्या नावांपुढे चांदणी काढतो.

‘साइट अँड साउंड’ हे ब्रिटिश मासिक १९५२पासून दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांना दहा नावं विचारतं, तेही प्रत्येक सिनेमाला एक मत याच पद्धतीनं. पहिल्यांदा ‘बायसिकल थीव्ह्ज’ वर आला, मग १९६२पासून पाच वेळा ‘सिटिझन केन’, २०१२ला ‘व्हर्टिगो’, आणि २०२२ला शांताल अकरमन या बाईंचा ‘जान डिएलमन’. त्या दहा वर्षांत मत देणारे ८४६वरून १,६३९ झाले होते. सिनेमे तेच होते, विचारलं कोणाला ते बदललं. तुमच्या बैठकीचा निकाल बघतानाही खोलीत कोण बसलं होतं ते वहीत लिहून ठेवा. आमच्याकडे ज्या वर्षी बायका जास्त होत्या त्या वर्षी ‘उंबरठा’ पहिला आला. त्याआधी तो पहिल्या पाचांतही नव्हता.

९. वही आणि देवाणघेवाण

एक जाड वही करा. तारीख, हजर माणसं, प्रत्येकाची यादी, दाखवलेला प्रसंग. कागद हरवतात, फोन बदलतात. बारा वर्षांच्या याद्या शेजारी ठेवल्या की माणूस कसा बदलला ते दिसतं, आणि काही नावं कशी हलतच नाहीत तेही.

उठण्याआधी शेवटचं काम. प्रत्येकानं दुसऱ्याच्या यादीतला, आपण न पाहिलेला एक सिनेमा निवडायचा आणि तो वहीत आपल्या नावापुढे लिहायचा. ज्याच्या यादीतून घेतला त्याचीच जबाबदारी, तो दाखवायची. जमलं तर दोघांनी एकत्र बसून बघायचा.

यंदा ‘संत तुकाराम’वाल्या आत्यानं, वय ७९, भाच्याच्या यादीतला ‘कोर्ट’ घेतलाय. भाच्यानं तिच्या यादीतला ‘माणूस’ घेतलाय, १९३९चा. शांता हुबळीकरांच्या ‘कशाला उद्याची बात’च्या दोनच ओळी त्यानं आजवर ऐकल्या होत्या. दोघांना मार्चअखेरची मुदत आहे. भाचा रविवारी तिच्याकडे जाणार आहे, येताना लॅपटॉपला जोडायचा मोठा स्पीकर आण, असं तिनं त्याला आताच बजावलंय.